सिमेंटच्या डायनासोरच्या पायाखाली काय आहे?

केज तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय. हमरस्त्याला लागून, डोंगराच्या झाडीत कुणीतरी सिमेंटचे आणि फायबरचे डायनासोर उभे केलेत. सहावी-सातवीच्या ४२ मुलांना तिथं एक दिवस न्यायचं त्यांच्या मनात आहे. सहकारी म्हणतात, फोटो काढण्यापलीकडं तिथं काही नाही, त्यापेक्षा वेरूळला न्या. आणि वर्गातल्या एका मुलानं विचारलंय, "मॅडम, आपल्या गावात बी डायनासोर होते का?" त्याला काय सांगायचं, हेही ताईंना हवंय.

ताई, मुलांना न्या. वेरूळ पुढच्या वर्षी करता येईल. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, खडक दाखवायला विद्यार्थ्यांना डोंगरांतून हिंडवलं, आणि निवृत्त झाल्यापासून शाळेच्या पोरांबरोबर जातो. अशा चार-पाच बागा मी बघितल्यात. मूर्ती सुबक असो की ओबडधोबड, पोरं तिच्यापुढं मान वर करून उभी राहिली की त्यांच्या तोंडून जे प्रश्न येतात ते वर्गात येत नाहीत. त्या प्रश्नांची तयारी करून गेलात तर दिवस सत्कारणी लागेल. आणि त्या तयारीत मी सगळ्यांत आधी एकच सांगतो. मूर्ती बघण्याआधी ती ज्या दगडावर उभी आहे तो दगड मुलांना बघायला लावा. तुमच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

तो दगड काळा असणार. केजपासून अंबाजोगाई, धारूर, पाटोदा, कुठंही जा, बालाघाटचा सगळा डोंगर त्याच काळ्या दगडाचा. याला बेसाल्ट म्हणतात. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. तो एकदाच आला आणि संपला असं झालं नाही. एक थर आला, थंड झाला, त्याच्यावर पाऊस पडला, माती झाली, काही ठिकाणी तळी साठली, झाडं उगवली, आणि पुन्हा लाव्हा आला. असे थरावर थर बसत गेले. आज उरलेला हा प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. सह्याद्रीकडं त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते, पूर्वेकडं ती कमी होत होत देगलूर-बिलोलीच्या बाजूला संपते आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. मुलांना हे थर दाखवायला वेगळं कुठं जावं लागत नाही. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं एसटी सुरक्षित जागी थांबवून खिडकीतूनच दाखवा. काळ्या दगडाचे दोन जाड पट्टे आणि मध्ये विटेसारखा तांबडा पट्टा दिसला, तर तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळातली माती, वरच्या लाव्ह्यानं भाजून निघालेली. पोरांना हे लगेच कळतं, कारण वीटभट्टी त्यांनी बघितलेली असते.

आता या लाव्ह्यात डायनासोरचं हाड कसं मिळणार? उकळत्या दगडात हाड टिकत नाही. हाड टिकायला गाळ लागतो. जनावर नदीकाठी मरावं, त्याच्यावर वाळू-चिखल बसावा, हवा लागू नये, आणि मग पाण्यातले क्षार हळूहळू हाडात मुरून त्याचा दगड व्हावा. म्हणून त्या मुलाला सांगा: आपल्या गावाच्या काळ्या दगडात डायनासोर मिळायचे नाहीत. पण हा दगड यायच्या आधी इथं जी जमीन होती, ती या दगडाखाली दाबलेली आहे. आणि ती किती खाली आहे हे मराठवाड्यात एका जागी मोजलं गेलंय.

ती जागा किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. माझेही काही विद्यार्थी त्या गावांतले होते. त्यानंतर जमिनीच्या पोटात काय आहे हे बघायला शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. वरून ३३८ मीटरपर्यंत नुसता बेसाल्ट लागला, थरावर थर. त्याच्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा खडक. आणि त्याच्याखाली अतिप्राचीन पट्टिताश्म, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा खडक, ज्याच्या वयापुढं डायनासोर कालचे वाटावेत. ते मधले ८ मीटर म्हणजे लाव्हा येण्याआधीची आपली जमीन. ३३८ मीटर म्हणजे साधारण अकराशे फूट. मुलांना मीटरमध्ये सांगू नका, फुटांत सांगा. हजार फुटांचं बोअर आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं, कारण घरात त्याच्या खर्चावरून बोलणं चाललेलं असतं. "बोअरवाल्यानं अकराशे फूट घेतलं, पाणी लागो न लागो, तिथं खाली जुनी जमीन आहे," असं मी एकदा लातूरकडच्या एका शाळेत म्हणालो तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग आपण त्यांच्या छतावर राहतो का सर?" मी तीस वर्षं शिकवलं, पण इतक्या नेमक्या शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

इथं एक गैरसमज मुलांच्या डोक्यात बसतो, तो तिथल्या तिथं काढा. त्यांना वाटतं, लाव्हा आला आणि सगळे डायनासोर त्याखाली गाडले गेले. तसं नाही. कच्छमध्ये अंजार इथं लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळालीत. म्हणजे ज्वालामुखी सुरू झाल्यावरही ते जगत होते, अंडी घालत होते. त्यांचा शेवट आला तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, आजच्या मेक्सिकोत, अवकाशातून एक प्रचंड दगड येऊन आदळला. १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम हा धातू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं. असा धातू जमिनीवर विरळा, अवकाशातल्या दगडांत भरपूर. नंतर खड्डाही सापडला, चिक्शुलुब नावाचा, सुमारे १८० किलोमीटर रुंद. आपलं लोणार तेवढ्यासाठीच देवानं दिलंय असं मला वाटतं. जालन्याच्या हद्दीला लागून, बुलढाणा जिल्ह्यात, याच बेसाल्टमध्ये उल्केनं पाडलेलं ते विवर १.८ किलोमीटर रुंद आहे. मुलांपैकी कुणी ना कुणी ते बघितलेलं असतं. त्याला सांगा, शंभर लोणार एका रांगेत मांड, तेवढा तो खड्डा. बहुतेक शास्त्रज्ञ शेवटाचं मुख्य कारण ही टक्कर मानतात. दख्खनच्या ज्वालामुखीचा त्यात वाटा किती, यावर अजून वाद आहे, आणि वाद आहे हे मुलांना सांगायला संकोच करू नका.

मग महाराष्ट्रात डायनासोर मिळाले कुठं? जिथं लाव्हा नाही किंवा झिजून गेलाय तिथं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडं डोंगरगाव आणि पिसदुरा ही दोन ठिकाणं आहेत. डोंगरगावला एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरच्या सांगाड्याचा बराच भाग मिळाला. १९९७ साली त्याचं वर्णन छापून आलं आणि २००३ पासून त्याला आयसीसॉरस म्हणतात. हे नाव ज्या संस्थेच्या लोकांनी त्याचा अभ्यास केला त्या कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून पडलंय. महाराष्ट्राच्या मातीतला डायनासोर, आणि आपल्या मुलांना त्याचं नाव माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी जागा सांगताना भिंतीवर नकाशा लावा आणि गोदावरीवर बोट ठेवा. पैठण, गंगाखेड, नांदेड, पुढं धर्माबादवरून ती तेलंगणात शिरते आणि गडचिरोलीच्या टोकाला सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते. त्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणाच्या बाजूला, जुरासिक काळातला बारापासॉरस नावाचा डायनासोर मिळाला. १९७५ साली त्याला नाव दिलं. काही भारतीय भाषांत 'बारा' म्हणजे मोठा, 'पा' म्हणजे पाय, मोठ्या पायांचा म्हणून बारापासॉरस. त्याच्या शास्त्रीय नावाचा दुसरा भाग टागोरेई, रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ. सांगाडा कोलकात्याला उभा आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला वन विभागानं जीवाश्म उद्यानही केलंय. नांदेडच्या घाटावर मुलं जे पाणी बघतात तेच पाणी पुढं डायनासोरच्या गावाजवळून वाहतं. हे सांगितलं की नकाशातली निळी रेघ त्यांच्या ओळखीची होते.

आता बागेत चला. दाराशी तिकीट काढून आत गेल्यावर पोरं धावणार, त्यांना पंधरा मिनिटं धावू द्या. मग गोळा करा आणि एक काम द्या: "या मूर्तींमधल्या चुका शोधा." मूर्तिकाराला नावं ठेवायची म्हणून हे काम द्यायचं नाही. चूक का झाली हे कळलं की विज्ञान कसं पुढं सरकतं ते कळतं. याचा सगळ्यांत सुंदर दाखला लंडनमध्ये आहे. १८५४ साली क्रिस्टल पॅलेसच्या बागेत जगातल्या पहिल्या मोठ्या डायनासोरमूर्ती उभ्या राहिल्या. मूर्तिकार बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स, सल्लागार रिचर्ड ओवेन, ज्यानं 'डायनासोर' हा शब्द १८४२ साली घडवला. त्यांच्याजवळ इग्वानोडॉन नावाच्या डायनासोरची मोजकी हाडं होती आणि त्यांत एक टोकदार हाड होतं. ते त्यांनी गेंड्यासारखं नाकावर शिंग म्हणून बसवलं. पुढं १८७८ साली बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या खाणीत पूर्ण सांगाडे मिळाले तेव्हा कळलं की तो हाताच्या अंगठ्यावरचा काटा आहे! आजही ती मूर्ती नाकावर शिंग घेऊन तशीच उभी आहे आणि लोक ती चूक बघायला मुद्दाम जातात.

पुढं अमेरिकेत रस्त्याकडेला डायनासोर उभे करायची रीतच पडली. साउथ डकोटात रॅपिड सिटीच्या टेकडीवर १९३६ सालचे सिमेंटचे डायनासोर आहेत. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर पोर्ट ऑरफर्डजवळ घनदाट पावसाळी जंगलात, हमरस्त्याला लागून, १९५५ साली अशीच एक बाग उघडली, तुमच्या बागेची थोरली बहीण म्हणा. त्या काळच्या मूर्तींची शेपटी बहुधा जमिनीवर लोळते. तेव्हा समज तसाच होता. पुढं पाऊलखुणांचा नीट अभ्यास झाला तेव्हा लक्षात आलं, की पायांचे ठसे आहेत, पण शेपटी घासल्याची रेघ जवळजवळ कुठंच नाही. म्हणजे शेपटी उचलून धरलेली असायची, मागे तराजूसारखा तोल सांभाळायला. तुमच्या बागेतली मूर्ती कांगारूसारखी शेपटीवर टेकून उभी असेल, तर मूर्तिकारानं जुनं चित्र समोर ठेवलं होतं एवढं नक्की.

आणखी काय बघायचं? टी-रेक्सच्या हाताला बोटं किती ते मोजायला सांगा. दोन हवीत, बऱ्याच बागांत तीन असतात. त्याचे तळवे जमिनीकडं आहेत का बघा. खरं तर ते टाळी वाजवल्यासारखे एकमेकांकडं वळलेले असायला हवेत. चार पायांच्या डायनासोरचे पाय अंगाखाली सरळ खांबासारखे आहेत की सरड्यासारखे बाजूला फाकलेत ते बघा. डायनासोर या शब्दाचा अर्थ 'भयंकर सरडा' असा असला तरी डायनासोर सरडे नव्हते, त्यांची चाल बैलासारखी, पाय अंगाखाली घेऊन होती. पंखांचा उडणारा प्राणी टांगलेला असेल तर तो टेरोसॉर, तो डायनासोर नाही. पाण्यातला लांब मानेचा प्लेसिओसॉर, तोही नाही. पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन तर डायनासोरांच्या कितीतरी आधीचा, आणि नात्यानं आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, जवळचा. आणि लोकरवाला हत्ती किंवा गुहेतला माणूस डायनासोरशेजारी उभा केला असेल तर तिथं थांबाच, कारण ती चूक मुलांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहते.

ती काढायला मी पावलांचा खेळ घेतो. बागेच्या रस्त्यावर खडूनं एक रेघ मारा, ती म्हणजे आज. एक पाऊल म्हणजे दहा लाख वर्षं. एका मुलाला मागं चालायला सांगा, बाकीच्यांनी मोठ्यानं मोजायचं. ६६ पावलं झाली की थांबवा. इथं डायनासोर संपले, इथं मेक्सिकोत दगड पडला, आणि आपल्या पायाखालचा काळा दगडही याच सुमाराचा. टी-रेक्स याच्या मागच्या एक-दोन पावलांत. मग चालत राहा. स्टेगोसॉरस, तो पाठीवर पाट्या असलेला, सुमारे १५० व्या पावलावर. म्हणजे टी-रेक्सला स्टेगोसॉरस जितका जुना, तितके आपण टी-रेक्सपासून लांब नाही. बागेत ते दोघं भांडताना दाखवले असतील तर हे पाऊलमोजणीनं दिसतं. पहिले डायनासोर २३० च्या आसपास, डायमेट्रोडॉन त्याच्याही पुढं, तोवर बागेचं कुंपण येतं. आता रेघेकडं परत या. आपली माणसाची जात तीन लाख वर्षांची, म्हणजे पावलाच्या तिसऱ्या भागाहूनही कमी. आणि वेरूळचं कैलास लेणं, आठव्या शतकातलं, पावलाचा आठशेवा भाग. पोराचं पाऊल दीड-दोन फुटांचं धरलं तर सुईच्या जाडीएवढं. तेही याच लाव्ह्याच्या थरांत कोरलेलं आहे, हे तुमच्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगा, म्हणजे दोन्ही सहलींतलं भांडण मिटेल.

या मूर्तींमध्ये भारतातला एक तरी आहे का, हे मुलांना शोधायला लावा. बहुधा नसतो. पाट्यांवर सगळी नावं अमेरिकेतली. मग त्यांना राजासॉरसबद्दल सांगा. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली गावात त्याची हाडं मिळाली, नर्मदेच्या खोऱ्यावरून राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव २००३ साली दिलं गेलं. मांसाहारी, दोन पायांवर चालणारा, कपाळावर एक आखूड जाड शिंग. रैयोलीला आता जीवाश्म उद्यान आणि संग्रहालयही आहे. गुजरातमध्येच ढोली डुंगरीला डायनासोरच्या घरट्यात अंड्यांना विळखा घालून बसलेला, साधारण साडेतीन मीटर लांबीचा साप दगड झालेला मिळाला. २०१० साली त्याला सनाजे हे नाव मिळालं. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू गिळायला तो आला आणि तिथंच सगळे गाळाखाली गेले. कोंबड्यांच्या खुराड्यात साप शिरल्याचं ज्या मुलानं बघितलंय त्याला ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात तर नर्मदेच्या खोऱ्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्याच भागातल्या पाडल्या गावात शेतात मिळालेल्या गोल दगडांची लोक काकड भैरव म्हणून पिढ्यान् पिढ्या पूजा करत होते, शेताचं आणि गुरांचं रक्षण कर म्हणून. तपासल्यावर त्यांत डायनासोरची अंडी निघाली. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याही शिवेवर म्हसोबाला शेंदूर लावलेला असतो. दगड वेगळा आहे एवढं त्या माणसांनी ओळखलं होतं आणि तो सांभाळून ठेवला होता. मुलांना सांगताना हसू नका, त्या माणसांनी जपलं नसतं तर अभ्यासाला काही उरलं नसतं.

आता गवताची गोष्ट. बागेत मूर्तीभोवती हिरवळ लावलेली असते. कितीतरी वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, की डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, ही हिरवळ चुकीची आहे. पुस्तकांत तसंच होतं. २००५ साली पिसदुऱ्याच्या डायनासोरच्या शेणाच्या जीवाश्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. म्हणजे आपल्या चंद्रपूरचे डायनासोर गवत खात होते! पुढच्या वर्षीच्या वर्गात उभं राहून मी सांगितलं, की गेल्या वर्षीपर्यंत मी चूक शिकवलं. ताई, तुम्हीही कधी असं सांगायला कचरू नका. मुलांचा विश्वास त्यानं वाढतो, हे मी स्वतः बघितलंय.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की झाडांवर लक्ष ठेवा. खरा डायनासोर तिथं असतो. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, किंबहुना शास्त्रज्ञ पक्ष्यांना डायनासोरच म्हणतात. १९९६ साली चीनमधून पिसांसारखं आवरण असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स समोर आल्यावर हे नातं आणखी पक्कं झालं. होला, तितर, साळुंकी, कुणीही चालेल. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, तिथून आलेलं मूल असेल तर ते म्हणेल, "म्हणजे मोर डायनासोर?" हो म्हणा. कोंबडीचा पाय बघायला सांगा: पुढं तीन बोटं, खवले, नख्या. गावात मातीत उमटलेला कोंबडीचा ठसा आणि मांसाहारी डायनासोरच्या पावलाचं चित्र शेजारी ठेवलं की बोलावं लागत नाही.

काळजी कशाची घ्यायची ते सांगतो, हा भाग गांभीर्यानं घ्या. अशा मूर्ती आतून पोकळ असतात. सळया वाकवून सांगाडा करतात, त्याच्यावर बारीक जाळी आणि जाळीवर सिमेंटचा गिलावा. मराठवाड्याच्या उन्हात गिलाव्याला भेगा पडतात, पावसाचं पाणी आत जातं, सळई गंजते आणि फुगून गिलावा सोडते. तांबूस ओघळ दिसला की आत गंज आहे असं समजा. एका बागेत माझ्याबरोबर आलेला सातवीतला मुलगा शेपटीवर बसला, गिलाव्याचा पापुद्रा निखळला आणि आतली सळई त्याच्या मांडीत घुसली. सहा टाके पडले. तिथं कुठंही पाटी नव्हती, पण मुलं माझ्या भरवशावर आली होती, त्यामुळं मी स्वतःला जबाबदार धरतो. तेव्हापासून बागवाल्यानं परवानगी दिली तरी मूर्तीवर कुणालाही चढू देत नाही.

मूर्तीचा जबडा, पोटाखालची सावली आणि झाडाच्या उंच फांद्या आधी तुम्ही बघून या. तिथं आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचं पोळं असतं. असेल तर त्या बाजूला मुलांना नेऊ नका, अत्तर लावून येऊ देऊ नका, आणि दगड मारणाऱ्या एका पोरामुळं सगळ्यांना त्रास होतो हे बसमध्येच बजावा. दगड उलटताना हात घालायचा नाही, काठीनं आपल्या विरुद्ध बाजूला उलटायचा, खाली विंचू असतो. उन्हाळ्यात जाऊच नका. दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम, झाडीत सावली असते आणि गवत वाळायला लागल्यानं वाट दिसते. पाणी घरून न्या, बागेतल्या टाकीवर विसंबू नका. एसटीच्या शालेय सहलीसाठी आगारात आधी अर्ज द्यावा लागतो, आणि पालकांची संमतीपत्रं घ्यायची हे तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे. डायनासोर नाहीत म्हणून तो हिरमुसला, तर त्याला सांगा की मांजरा नदीच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोडे मिळालेत. केजकडून वाहत लातूरला जाणारी तीच मांजरा. ते प्राणी डायनासोरांपेक्षा फार अलीकडचे, पावलांच्या खेळात पहिल्याच पावलातले. आज जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथं एकेकाळी पाणघोडा डुंबत होता. नदीकाठच्या दरडीत वाळू आणि गोट्यांच्या थरात जड, दगडासारखं, हाडाच्या आकाराचं काही दिसलं तर ओढून काढायचं नाही. जागेसकट फोटो काढायचा, शेजारी पट्टी ठेवून, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र किंवा पुरातत्त्व विभागाला कळवायचं. जागेवरून हललं की त्याचं निम्मं महत्त्व जातं.

परतल्यावर निबंध लिहायला लावू नका. प्रत्येकाला आपल्या विहिरीतून किंवा बोअरच्या ढिगातून एक दगड आणायला सांगा. काही जण पांढरे चकाकणारे स्फटिक आणतील, लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत तयार झालेले. काही नुसता मुरूम आणतील, तोही चालेल. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडा. प्रत्येकाखाली कागदाच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव, शेताचं नाव आणि खोली, फुटांत. ओळीच्या शेवटी एक जागा मोकळी ठेवा आणि तिथल्या चिठ्ठीवर लिहा: किल्लारी, अकराशे फूट, जुनी जमीन.